सीलबंद खोका उघडू नका, असं विकणारा सांगतो तेव्हा

मला इंद्रलाल रॉय यांच्या विमानाचं प्लॅस्टिकचं छोटं मॉडेल करायचं होतं. कोलकात्यात जन्मलेला हा तरुण पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या ४० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधून एस.ई.५ए हे द्विपंखी लढाऊ विमान उडवायचा. जुलै १९१८ मध्ये, दोन आठवड्यांच्या आत, त्याच्या नावावर १० हवाई विजय जमा झाले. २२ जुलैला फ्रान्सच्या आकाशात तो मारला गेला तेव्हा त्याचं वय होतं १९. हे विमान १/३२ मापात, म्हणजे खऱ्याच्या बत्तिसाव्या हिश्श्याएवढं, पंखांना ताणून धरणाऱ्या तारांसकट करायचं असं मी केव्हापासून ठरवलं होतं.

या मापात मला हवं होतं ते विंगनट विंग्जचं किट, म्हणजे सुटे भाग जोडून मॉडेल बांधायचा संच. दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांची ही न्यूझीलंडमधली कंपनी २००९ पासून पहिल्या महायुद्धातल्या विमानांची अप्रतिम किट काढत होती, आणि २०२० मध्ये ती बंद पडली. त्यानंतर हे खोके हातोहात फिरू लागले आणि भाव चढत गेले. परदेशातून मागवलं तर टपालखर्च आणि कस्टम ड्यूटी वेगळी. त्यामुळे भारतातच कुणाकडे न उघडलेलं किट आहे म्हटलं की आपण थांबतो. ठगाला नेमकं हेच माहीत असतं.

मला ज्यानं गाठलं त्यानं सांगितलेली गोष्ट अशी: वडील हवाई दलातून निवृत्त झालेले, पुण्यात लोहगावच्या हवाई तळावर नोकरी केलेली, मॉडेलिंगचं वेड, ते मागच्या वर्षी गेले, आईला खोली मोकळी करायची आहे. भाव १८ हजार. फार स्वस्त नाही, म्हणजे संशय यावा इतका कमी नाही. घासाघीस केली तर हजार उतरवलेही. "सर, तुम्ही खरे कदरदान दिसता, बाबांची वस्तू चांगल्या हातात जावी एवढंच वाटतं." आणि पैसे यूपीआयवरून भरल्यावर एक वाक्य जोडलं: "सील तोडू नका बरं का, तोडलंत की किंमत निम्मी होते."

सगळी फसवणूक या एका वाक्यावर उभी आहे. आपल्या छंदात स्टॅश करून, म्हणजे किट घेऊन साठवून ठेवायची रीत आहे. आज घेतलेलं किट चार वर्षांनी उघडायचं. तोवर विकणाऱ्याचा नंबर बंद, बँकेचं खातं रिकामं, आणि खोक्यात काय होतं याचा पुरावा उरत नाही. मी मात्र पार्सल आलं त्या संध्याकाळीच खोका उघडला, कारण मला तो बांधायचा होता.

खोका अस्सल. आत धड आणि पंखांच्या चौकटी (सुटे भाग ज्यांना जोडलेले येतात त्या) याही अस्सल. इंजिनाची चौकट गायब, सीटबेल्टचा पितळी पत्रा गायब, पारदर्शक भाग गायब. वजन भरावं म्हणून तळाशी कुठल्याशा रणगाड्याच्या किटच्या चौकटी घातल्या होत्या, चाकं आणि पट्ट्यांसकट. म्हणजे खोका हातात घेऊन हलवला असता तरी काही कळलं नसतं. प्लॅस्टिकचं आवरण तर पॅकिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. गरम हवेचा झोत मारला की नव्यासारखं ताणून बसतं. ‘सीलबंद’ या शब्दाला काडीचाही अर्थ नाही, हे प्रत्येकानं मनात पक्कं करावं.

सगळ्यात हुशारी डिकलमध्ये, म्हणजे मॉडेलवर पाण्यानं चिकटवायच्या चिन्हांमध्ये होती. कागद रंगीत प्रिंटरवर छापलेला होता. साध्या प्रिंटरला पांढरी शाई नसते, आणि ब्रिटिश विमानांवरच्या लाल-पांढऱ्या-निळ्या वर्तुळात तर लाल आणि निळ्याच्या मध्ये पांढरं कडं येतं. पारदर्शक फिल्मवर छापलं तर त्या जागी खालचा खाकी रंग दिसणार. म्हणून यानं सरळ पांढरा चकचकीत कागद वापरला होता. ओळखायची रीत सोपी आहे: कडेला छापलेल्या अक्षरांचा एक बारीक तुकडा कापून कोमट पाण्यात टाका. खरी डिकल थोड्या वेळात कागदावरून सुटून सरकते. ही तशीच भिजत पडली.

फोटोंबद्दलही सांगतो, कारण पुढच्या माणसाला उपयोग होईल. त्यानं पाठवलेल्या एका फोटोत टेबलामागे भिंतीवरचा प्लगपॉइंट दिसतो: चौकोनी भोकांचा, ब्रिटनमधला. लोहगावच्या घरात तो कुठून येणार? विकणाऱ्याकडे असा फोटो मागा की ज्यात किटच्या शेजारी तुमचं नाव आणि आजची तारीख हातानं लिहिलेली चिठ्ठी आहे आणि खोका उघडा आहे. प्रत्येक चौकटीवर अक्षर असतं. सूचनापुस्तिकेतल्या नकाशाशी एकेक जुळवून घ्या. पुस्तिका नसेल तर स्केलमेट्स या मॉडेल किटच्या संकेतस्थळावर बहुतेक जुन्या किटची माहिती सापडते. सील तोडायला जो तयार नाही त्याच्याकडून घेऊ नका, मग तो कितीही हळवं बोलो.

मला पैशांपेक्षा जास्त राग त्या वडिलांच्या गोष्टीचा आहे. आपल्यातले जुने मॉडेलर खरोखर जातात, आणि त्यांच्या घरच्यांना त्या खोक्यांचं काय करायचं ते समजत नाही. अशा वेळी आपण लोक रास्त भावात किट घेतो, हत्यारं आणि रंग नवशिक्या मुलांना देतो. उद्या खरी विधवा बाई फोन करील तेव्हा तिच्याकडे आपण संशयानं बघू. हे नुकसान त्या माणसानं आपल्या सगळ्यांचं केलंय.

मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, मग सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली. तिथे यूटीआर, म्हणजे त्या बँक व्यवहाराचा स्वतंत्र क्रमांक लागतो, संभाषणाचे स्क्रीनशॉट लागतात, म्हणून चॅट पुसू नका. तक्रारीनंतर काही दिवसांनी "तुमचे पैसे सोडवून देतो, आधी फी भरा" असा अनोळखी फोन आला. तोही त्याच जातीचा, कापून टाका. माझे पैसे अजून मिळालेले नाहीत.

चौकशी करताना आणखी दोघं भेटले. गोष्ट तीच, हवाई दलातले वडील तेच, विमानं वेगळी: एकाला सॉपविथ कॅमल, दुसऱ्याला अल्बाट्रॉस. दोघांचेही खोके कपाटात न उघडलेले होते. अशा गोष्टीसह घेतलेलं किट तुमच्याकडे असेल तर आज मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवून ते उघडा, आणि आत खोट निघाली तर स्वतंत्र तक्रार करा. एकाच खात्याविरुद्ध तक्रारी वाढल्या की ते गोठवून घ्यायला पोलिसांच्या हातात जोर येतो.