फास्टस्टोन इमेज व्ह्यूअर: ११ महिने वापरल्यावर

११ महिने झाले वापरतेय, रोज नाही पण आठवड्यातून तीन-चार रात्री तरी, म्हणून आता लिहायला हरकत नाही. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर दोनच स्टार दिले असते, कारण दिसायला हा फोटो बघायचा प्रोग्राम अगदी विंडोज एक्सपीच्या जमान्यातला. डावीकडे फोल्डरांचं झाड, त्याखाली छोटा प्रिव्ह्यू, उजवीकडे थंबनेल, म्हणजे फोटोंची छोटी चित्रं, संपलं. घरी वापरायला फुकट आहे, चालतो फक्त विंडोजवर.

आधी माझी गरज काय होती ते सांगते, नाहीतर स्टारांना अर्थ नाही. आमचं घर बडोद्याला, समा भागात, तळमजल्यावर. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हाचे मगरींचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील. आमच्या गल्लीत मगर नाही आली, पण कपाटाच्या खालच्या खणात पाणी आलं आणि नेमके त्याच खणात अल्बम. काळ्या कागदाचे, कोपऱ्यांत फोटो खोचायचे ते जुने अल्बम बरेचसे वाचले, स्वच्छ पाण्याच्या परातीत भिजवून फोटो अलगद सोडवले आणि पंख्याखाली दोरीवर वाळत घातले, आई म्हणाली पापड घातल्यासारखे दिसतायत. पण नंतरचे ते चिकट पानांचे, वर प्लॅस्टिक असलेले अल्बम, त्यातले फोटो प्लॅस्टिकसकट जसे होते तसेच स्कॅनला दिले. स्टुडिओवाल्याने ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) टिफ, म्हणजे दर्जा न घटवणाऱ्या मोठ्या फाइली, करून दिल्या, म्हणजे ४ बाय ६ चा एक फोटो साधारण २६ एमबी. त्यात बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरमधलं सगळं, दादाच्या कॅमेऱ्याचं, फोनचं. एका डिस्कवर एकत्र केलं तर ४१२ फोल्डर आणि ३१ हजारांच्या वर फाइली.

आधी मी दुसराच एक प्रोग्राम लावला होता, नाव घेत नाही, जो सगळे फोटो आपल्या लायब्ररीत ओढून तारखेप्रमाणे लावतो. त्याने आजीचं लग्न ऑक्टोबर २०२४ मध्ये लावून दिलं, कारण स्कॅन तेव्हा झाले! शेजारी फोनमधला लाइट बिलाचा स्क्रीनशॉट. आणि बाबांनी फोल्डरांना दिलेली नावं, 'नर्मदा परिक्रमा अर्धी', 'मांडवी वरघोडा पाऊस', 'नवीन नवीन २', ती कुठे दिसेचनात. माझ्यासाठी अर्धी माहिती त्या नावांतच आहे, बाबा आता विचारायला नाहीत. म्हणून मला असं काहीतरी हवं होतं जे फोल्डर जसं आहे तसं उघडेल आणि स्वतःचं डोकं चालवणार नाही.

ते हा करतो, आणि वेगात करतो. फोल्डरवर क्लिक, फोटोवर एंटर, पूर्ण पडदा, मग फक्त बाणाची बटणं. मेनू चारही कडांना लपलेले असतात, माऊस कडेला नेला की बाहेर येतात, हे कळायला मला दोन दिवस लागले आणि तोपर्यंत मी बिनमेनूचीच बघत बसले होते. जेपीजी पापणी लवायच्या आत येतो, टिफला जरा दम लागतो. पहिल्यांदा मोठा फोल्डर उघडला की थंबनेल बनेपर्यंत चहा टाकून यावा, पण माझी डिस्क जुन्या यूएसबी २ ची आहे, दोष तिचा. दुसऱ्या वेळी झटपट येतात.

आता खरी मजा. फोटोवर माऊसचं डावं बटण दाबून धरलं की भिंग येतं. एका स्कॅनमध्ये मावसभावाचं बारसं आहे, आई म्हणे ८२ साल, मावशी म्हणे ८१, आणि हा वाद आमच्याकडे दर दिवाळीला होतो. मागे भिंतीवर कालनिर्णय लटकलेलं होतं, त्यावर भिंग धरलं तर मार्च १९८१ स्पष्ट! ६०० डीपीआयचे पैसे तिथे वसूल झाले. आई दोन मिनिटं काही बोलली नाही, मग म्हणाली जुनं कॅलेंडर राहिलं असेल भिंतीवर.

तारखांचं दुसरं प्रकरण माझ्या लग्नाचं. दादा न्यू जर्सीहून आला होता आणि त्याच्या कॅमेऱ्यात घड्याळ तिकडचंच. मे महिना, म्हणजे आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. सगळ्यांचे फोटो एकत्र केले तर त्याच्या हिशेबाने आमचा १२ वाजून १० मिनिटांचा मुहूर्त रात्री २ वाजून ४० मिनिटांनी लागला आणि मंगलाष्टकं हळदीच्या आधी. यात टाइमस्टॅम्प बदलायची सोय आहे, त्याचे सगळे फोटो निवडले, साडेनऊ तास पुढे सरकवले, रांग लागली. आधी कॉपी काढून मगच करा हं, मी घाबरत घाबरत दहा फोटोंवर करून बघितलं आणि मग बाकीच्यांवर. व्हॉट्सॅपवरून आलेल्या फोटोंना ह्याचा उपयोग नाही, त्यातली कॅमेऱ्याची माहिती वाटेतच गळते, नावातली तारीख असते ती पाठवल्याची.

गरब्याचे फोटो ज्यांनी काढलेत त्यांना कंपेअरची किंमत कळेल. पुतणीचे एका नवरात्रात ६०० फोटो, त्यातले चाळीस एकाच गिरकीचे, एकात डोळे मिटलेले, एकात मागच्या काकांचा हात. चार फोटो शेजारी शेजारी ठेवता येतात, मग डोळे बघत बघत चाळणी लावायची. एका रात्रीत ६०० चे ७० केले.

आणि आता माझा गाढवपणा. डिलीट दाबलं की तो विचारतो, आणि मला इतकी सवय झाली की डिलीट-एंटर, डिलीट-एंटर बोटं आपोआप चालायची. डिस्कवरचं चुकून गेलं तर रिसायकल बिनमधून परत आणता येतं, आणलंही. पण एकदा मामीची पेनड्राइव्ह तशीच लावून चाळत होते, आणि पेनड्राइव्हवरून उडवलेलं बिनमध्ये जात नाही, ते थेट जातं. अकरा फोटो. मामीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली जाऊ दे गं, सगळे माझेच होते, जाडी दिसत होते. पण त्या दिवसापासून आधी डिस्कवर कॉपी, मगच चाळणं.

बाबा पिकासा वापरायचे, गूगलचं फोटो बघायचं आणि सुधारायचं सॉफ्टवेअर. गूगलने ते २०१६ मध्ये बंद केलं, पण प्रत्येक फोल्डरमध्ये त्याची एक लपलेली आयएनआय फाइल (नोंदींची छोटी फाइल) अजून पडलेली आहे. बाबांनी फोटो कापले, उजळ केले पण सेव्ह दाबलं नाही, तर ते सगळं त्या छोट्या फाइलीत लिहिलेलं राहतं, फोटो मूळचाच असतो. म्हणून इथे तो मूळचाच दिसतो. मला आधी वाटलं काहीतरी बिघडलंय. मग कळलं की बाबांनी कापून टाकलेल्या कडाही आता दिसतायत, आणि एका कडेला मी आहे, शेंगदाणे खात. ह्या फाइली कचरा समजून उडवू नका.

जे नाही ते नाही. चेहरे ओळखून 'आजीचे सगळे दाखव' असलं काही करत नाही, ज्यांना ते हवंय त्यांनी इकडे येऊच नये. आईला मोठ्या पडद्यावर दाखवायला बसलं की बाहेर पडायला एस्केप दाबायचं हे तिच्या लक्षात राहत नाही, ती सरळ मॉनिटर बंद करते.

माझ्याकडून साडेचार. 'नवीन नवीन २' अजून उघडायचंय, त्यात १९०० फाइली आहेत. त्याआधी दुसरी डिस्क भरून मांजलपूरला मामाकडे ठेवून यायची, पाऊस सुरू व्हायच्या आत. तो तिसऱ्या मजल्यावर राहतो.