इलेक्ट्रिक टूथब्रश, संधिवाताची बोटं आणि ते घट्ट बटण

ब्रशचं बटण शेवटी आत रुतून बसलं, म्हणून लिहायला घेतलं. बॅटरी चांगली, मोटर चांगली, चार्जर चांगला. सर्व्हिसवाले म्हणतात, बटण सुटं मिळत नाही, अख्खं हँडल बदला. वॉरंटीत बसत नाही, कारण "जास्त दाब दिल्याने खराब झालंय". दाब द्यावाच लागतो, इतकं ते घट्ट आहे! एका रबरी बटणापायी चालता ब्रश टाकून देणं मला अजिबात पटत नाही.

दोन मिनिटांचा टायमर, प्रेशर सेन्सर वगैरे सगळ्यांना माहीत आहे, त्यात शिरत नाही. मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस (सांधे सुजवणारा संधिवात) आहे. सकाळी उठल्यावर बराच वेळ मूठ वळत नाही आणि दात नेमके तेव्हाच घासायचे असतात. बटण अंगठ्याच्या टोकाने दाबायला गेलं की कळ थेट मनगटापर्यंत जाते. मग मी हँडल बेसिनच्या कडेला टेकवून तळहाताच्या फुगीर भागाने दाबते. दोनदा निसटतं, तिसऱ्यांदा सुरू होतं. बंद करताना पुन्हा तेच, तेही तोंडात फेस असताना. ब्रश हेड काढणं त्याहून वाईट: ओलं, गुळगुळीत, आणि चिमटीत घट्ट धरून सरळ वर ओढायचं. चिमूटच तर होत नाही! रबरी हातमोजा घातला की जमतं.

पहिले काही आठवडे थरथर मनगटात उतरायची आणि जाड मुठीचा साधा ब्रशच बरा, असं माझं मत झालं होतं. ते आता बदललंय. साध्या ब्रशला मनगट सतत हलवावं लागतं. हा नुसता दातावर टेकवून पुढे सरकवायचा. सैल धरला तर थरथरही कमी लागते. मागच्या दाढांची आतली बाजू, जिथे माझा हात कधी नीट वळतच नव्हता, तिथे आता ब्रश पोचतो. २०१४ च्या कॉक्रन आढाव्यात (अनेक चाचण्यांचा एकत्रित अभ्यास) तीन महिन्यांहून जास्त वापरानंतर साध्या ब्रशच्या तुलनेत प्लाक (दातांवरचा चिकट थर) २१ टक्के आणि हिरड्यांची सूज ११ टक्के कमी आढळली होती. माझ्या दाढा आणि हिरड्यांमधल्या, डेंटिस्टने मोजलेल्या ५ मिमी खोल खाचा ३ मिमीवर आल्या आणि रक्त येणं थांबलं. मधे खोलवर सफाईही करून घेतली होती, तेव्हा सगळं श्रेय ब्रशला देत नाही. सांध्यांच्या दुखण्याचं तर मुळीच नाही. त्याच सुमारास औषधही बदललं होतं.

तरी आपल्यासारख्यांनी हिरड्या सोडून चालणार नाही. हिरड्यांच्या खाचेत वाढणाऱ्या पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस या जिवाणूकडे प्रथिनांमधल्या आर्जिनिन या अमिनो आम्लाचं सिट्रुलिन या दुसऱ्या अमिनो आम्लात रूपांतर करणारं एन्झाइम असतं. या संधिवाताच्या रक्ततपासणीत बघतात त्या अँटी-सीसीपी अँटीबॉडी अशाच सिट्रुलिनवाल्या प्रथिनांवर उठतात. हिरड्यांमुळेच संधिवात होतो असं सिद्ध झालेलं नाही, पण दोन्ही आजार एकत्र आढळण्याचं प्रमाण जास्त आहे. त्यात हात साथ देत नाहीत म्हणून दात नीट घासले जात नाहीत, आणि शोग्रेन (लाळ आणि अश्रू कमी करणारा आजार) असेल तर तोंड कोरडं पडून दात किडतात. मेथोट्रेक्सेट या संधिवाताच्या औषधाने तोंड येतं तेव्हा मी मऊ ब्रिसल्स आणि कमी फेसाची फ्लोराइड पेस्ट वापरते. तोंड वारंवार येत असेल तर डॉक्टरांना सांगा, फॉलिक अॅसिडचा डोस बघावा लागतो.

वॉटर फ्लॉसरही (पाण्याच्या धारेने दातांच्या फटी साफ करणारं यंत्र) घेतला होता. भरलेली टाकी जड लागते, म्हणून पडून आहे. दातांमधल्या फटींसाठी लांब दांड्याचा इंटरडेंटल ब्रश पुरतो.

एवढा उपयोगी ब्रश बनवणाऱ्यांनी बटण मात्र फक्त धडधाकट अंगठ्यासाठी का बनवावं? ज्यांना इलेक्ट्रिक ब्रशची खरी गरज आहे, त्यांचेच हात दुखरे असतात. रुंद, हलकं बटण आणि पिळून निघणारं हेड बनवणं काही अवघड नाही. घ्यायच्या आधी हातात धरून बघा: बटण बोटाच्या पेरानेच दाबायचं आणि हेड ओल्या हाताने काढून बघायचं. दोन्ही जमलं तरच घ्या. मी हँडल बदलून घेणार नाही. बटण सुटं द्या, अशी लेखी तक्रार केली आहे आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करणार आहे.