पहिल्या नंबराची हमी आणि गेलेले एक लाख एकतीस हजार

दापोली तालुक्यात किनाऱ्यालगत सहा खोल्यांचं एक घरगुती निवास आहे. नवरा-बायको दोघंच ते चालवतात. बुकिंग घेण्यापासून माशांचं ताट वाढण्यापर्यंत सगळं त्यांच्याच हातचं. त्यांना वेबसाइट करून देणाऱ्या कंपनीच्या कोटेशनवर लिहिलं होतं: वेबसाइट ३५,००० रुपये, एसईओ (म्हणजे गूगलच्या शोधात साइट वर आणण्याचं काम) दरमहा ८,००० रुपये, सहा महिन्यांत गूगलवर पहिला नंबर, हमीसह. वर्षाअखेर १,३१,००० रुपये गेले. वेबसाइटवरून एकही बुकिंग आलं नाही आणि डोमेन, म्हणजे वेबसाइटचा नोंदवलेला पत्ता, भलत्याच्याच नावावर निघालं. हे प्रकरण इथे सुटं करून मांडलं आहे, कारण यातली एकही युक्ती नवी नाही. आंबा बागायतदार, क्लासवाले, दंतवैद्य, मंगल कार्यालयं अशा कितीतरी जणांना याच भाषेत फोन येतात.

पहिली खूण कोटेशनमध्येच होती. पहिल्या नंबराची हमी कोणीही देऊ शकत नाही, हे गूगलने स्वतःच आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलेलं आहे. मग हमी दिली कशाच्या जोरावर? ज्यांवर पहिला नंबर आणायचा त्या वीस शोधशब्दांच्या सोबत जोडलेल्या यादीत चौदा ठिकाणी निवासाचं स्वतःचंच नाव होतं. उरलेली सहा ‘बेस्ट सी फेसिंग फॅमिली स्टे निअर दापोली विथ कोकणी फूड’ असली लांबलचक वाक्यं होती. असं कोणी शोधत नाही, त्यामुळे तिथे स्पर्धाही नाही. लोक टाइप करतात ‘दापोली होमस्टे’, ‘कर्दे बीच हॉटेल’, आणि तिथे मोठी बुकिंग पोर्टल्स ठाण मांडून बसलेली असतात. प्रामाणिक माणूस हे पहिल्याच भेटीत सांगतो.

तरीही तिसऱ्या महिन्यात मालकांच्या मोबाइलवर त्यांची वेबसाइट खरोखरच सगळ्यात वर दिसू लागली. ती गूगलची जाहिरात होती. जाहिरात कोणत्या परिसरातल्या लोकांना दाखवायची हे ठरवता येतं. इथे निवासाभोवतीचा काही किलोमीटरचा पट्टा निवडलेला होता आणि शब्द म्हणून निवासाचं नाव. पैसे कापले जातात ते कोणी क्लिक केलं तरच. क्लिक करणारे मालक आणि त्यांचे दोन शेजारी. खर्च नगण्य, खात्री मात्र पक्की. निकालाच्या डोक्यावर ‘स्पॉन्सर्ड’ असा छोटा शब्द होता, पण तिकडे लक्ष जात नाही. ब्राउझरची इन्कॉग्निटो (खासगी) खिडकी उघडूनही फरक पडला नसता, कारण तिथेही गूगलला तुमचं ठिकाण अंदाजाने कळतंच. पुण्या-मुंबईतल्या नातेवाइकाला शोधायला सांगितलं असतं तर त्याच दिवशी भांडं फुटलं असतं.

आणि खरी गोष्ट याहून वाईट होती. गूगलच्या शोधपेटीत इंग्रजीत ‘साइट’ लिहून लगेच कोलन आणि त्याला चिकटून डोमेनचं नाव टाकलं, की त्या वेबसाइटची कोणती पानं गूगलच्या नोंदीत आहेत ते साधारण दिसतं. इथे एकही पान आलं नाही. ही साइट ज्यावर बांधली होती त्या वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये ‘रीडिंग’ या पानावर सर्च इंजिनांना दूर ठेवणारी एक चौकट असते. वेबसाइट तयार होत असताना ती टिचकी मारून ठेवतात आणि चालू करताना काढतात. इथे ती कोणी काढलीच नव्हती. म्हणजे ज्या दाराला आतून कडी होती, त्या दाराकडे जाणारा रस्ता सजवण्याचे दरमहा ८,००० रुपये घेतले गेले.

हे तपासायला तज्ज्ञ लागत नाही. गूगल सर्च कन्सोल हे साइटच्या मालकासाठीचं गूगलचं साधन फुकट आहे. डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्याच्या तांत्रिक नोंदवहीत, टीएक्सटी नावाची एक मजकुराची नोंद टाकली की मालकी सिद्ध होते. मग कोणत्या शब्दांवर साइट किती वेळा दिसली, किती क्लिक आले, सरासरी स्थान काय, हे सोळा महिन्यांपर्यंत मागे जाऊन पाहता येतं. नोंदीत न घेतलेल्या पानांचं कारणही तिथे दिसतं. इथे ‘नोइंडेक्स टॅगमुळे वगळलं’ असं सरळ लिहून आलं असतं; ती चौकट पानांवर लावते ती हीच खूण. एसईओ करणारा सर्च कन्सोल दाखवायला टाळाटाळ करत असेल, तर पुढचा हप्ता थांबवायला तेवढं कारण पुरेसं आहे.

त्याऐवजी दरमहा एक रंगीत पीडीएफ येत असे. त्यात ‘३०० सर्च इंजिनांत नोंदणी’, ‘मेटा कीवर्ड ऑप्टिमायझेशन’, ‘डीए ८ वरून १४’, ‘५०० बॅकलिंक्स’, ‘४,००० व्हिजिट्स’. मेटा कीवर्ड टॅग, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लपलेली शब्दांची यादी, क्रमवारीसाठी वापरत नाही, हे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलं आहे. डीए म्हणजे डोमेन ऑथॉरिटी, साइटच्या वजनाचा मॉझ नावाच्या खासगी कंपनीचा अंदाज. गूगलच्या क्रमवारीशी त्याचा संबंध नाही. बॅकलिंक्स म्हणजे दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणारे दुवे; इथले पाचशे दुवे ओस पडलेल्या डिरेक्टऱ्या आणि परदेशी ब्लॉगच्या कमेंटमधले होते. अशा दुव्यांवर गूगलने क्रमवारीच्या पद्धतीत एप्रिल २०१२ मध्ये केलेल्या ‘पेंग्विन’ नावाच्या बदलापासून रोख धरला आहे. आता त्यांची दखलच घेतली जात नाही, किंवा प्रकरण फार गेलं तर साइटवर कारवाई होते. व्हिजिट्सचा हिशेब गूगल ॲनालिटिक्समध्ये (साइटवर कोण कुठून आलं ते मोजणाऱ्या साधनात) शहरनिहाय पाहिला तर दापोलीला येणारा पाहुणा कुठला, हे समजायला हवं: मुंबई, पुणे, ठाणे, कोल्हापूर. इथे सर्वाधिक आकडा अमेरिकेतल्या ॲशबर्नचा होता. व्हर्जिनियातलं ते गाव डेटा सेंटरांसाठी ओळखलं जातं. तिथून दोन सेकंदांसाठी येतात ते बॉट, म्हणजे माणसं नव्हेत, आपोआप चालणारे प्रोग्रॅम.

आता खुद्द वेबसाइट. ती दिसायला देखणी होती, आणि इथेच बहुतेकांची गफलत होते. पहिल्याच पानावर ड्रोनने काढलेल्या पाच फोटोंचा सरकता पट्टा, मूळ आकारातच चढवलेला. पान एकूण २४ एमबीचं. चार एमबीपीएसच्या मोबाइल जोडणीवर ते उतरायला ४८ सेकंद लागतात. गूगलचा निकष सांगतो की पानातला सगळ्यात मोठा भाग अडीच सेकंदांत दिसायला हवा. गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्स या साधनात पत्ता टाकला की हे मोजून मिळतं. तेच फोटो १,६०० पिक्सेल रुंदीचे करून वेबपी या हलक्या चित्रप्रकारात साठवले तर प्रत्येकी दीडशे-दोनशे केबीत बसतात आणि मोबाइलवर डोळ्यांना फरक जाणवत नाही. सरकत्या पट्ट्याऐवजी समुद्राकडे तोंड असलेल्या खोलीचा एकच चांगला फोटो जास्त काम करतो.

खोल्यांचे दर जेपीजीमध्ये होते. फोन नंबरही चित्रातच, त्यामुळे बोट लावून फोन लागत नव्हता. मोबाइलवर पाहणारा पाहुणा नंबर कागदावर उतरवून घेत नाही, तो मागे जातो.

मराठी मजकुराची गत तर ऐकवत नाही. तो छापील पत्रकातून उचललेला, श्रीलिपीच्या जुन्या फाँटमधला. पडद्यावर सुरेख मराठी दिसे, कारण फाँट सोबत जोडलेला होता. पण अक्षरांच्या खाली साठवलेले संकेत रोमन चिन्हांचे असतात. सर्च इंजिन फाँट पाहत नाही, संकेत वाचतं, म्हणून त्याच्या लेखी पानभर मराठीऐवजी निरर्थक चिन्हं होती. आपल्या वेबसाइटवरची एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये चिकटवून पाहा. मराठीच उमटली तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण संकेतांत आहे, कचरा उमटला तर सगळा मजकूर बदलून घ्यावा लागेल. पानाच्या एचटीएमएल कोडमध्ये भाषा म्हणून ‘एमआर’ (मराठीचा संकेत) लिहिलं आहे ना, तेही त्याच वेळी बघून घ्यावं.

तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘होमस्टे’ हा शब्द दोनशे वेळा लिहिलेला होता. मुरुड, कर्दे, लाडघर, हर्णे, आंजर्ले, केळशी अशा गावांच्या नावाने एकाच मजकुराची वेगवेगळी पानं केली होती, फक्त गावाचं नाव बदलून. लपवलेला मजकूर आणि अशी दारापुरती पानं, दोन्ही गूगलच्या स्पॅम धोरणात नावानिशी येतात. कडी काढल्यावर पहिली शिक्षा याचीच झाली असती, म्हणून आधी ती पुसावी लागली.

त्या सहा पानांच्या जागी पाहुण्याचे खरे प्रश्न हवे होते. खेड स्टेशनला उतरल्यावर पुढे कसं यायचं? दाभोळ-धोपावे फेरीबोटीत आपली गाडी चढते का, शेवटची फेरी किती वाजता? शाकाहारी ताटात काय असतं? गरम पाणी सौर बंबाचं की गीझरचं, पावसाळ्यात खोल्या चालू असतात का? फोनवर रोज जे दहा प्रश्न येतात, ती उत्तरं साध्या मराठीत लिहिली की माणसालाही उपयोग आणि सर्च इंजिनालाही. दुसरं एसईओ सहा खोल्यांच्या जागेला फारसं लागत नाही. उलट गूगलच्या नकाशावरचं बिझनेस प्रोफाइल अशा ठिकाणाला वेबसाइटपेक्षा आधी ग्राहक आणतं. ते फुकट असतं. ‘गूगलमधून बोलतोय, पैसे भरले नाहीत तर तुमची नोंद काढली जाईल’ असा फोन आला तर तो ठेवून द्या, आणि पडताळणीचा कोड कोणालाही सांगू नका.

पैसे थांबवल्यावर कंपनीने डोमेन ‘ट्रान्सफर’ करायला ४०,००० रुपये मागितले. डोमेनची नोंदणी त्या वेबसाइट कंपनीच्याच खात्यातून, तिच्याच ईमेलवर झालेली होती. डोमेन गेलं की त्यावरचे ईमेलही जातात, आणि पाटीवर, बिलावर, पत्रकांवर छापलेला पत्ताही. म्हणून रजिस्ट्रारकडचं (डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीकडचं) खातं पहिल्या दिवसापासून आपल्या नावाने, आपल्या ईमेलवर, आपल्या कार्डावर काढायचं आणि काम करणाऱ्याला त्यात मर्यादित प्रवेश द्यायचा. होस्टिंग (साइटच्या फाइली ठेवण्याची भाड्याची जागा), सर्च कन्सोल, ॲनालिटिक्स, बिझनेस प्रोफाइल यांचंही तसंच. डॉट कॉमसारखं डोमेन आपल्या नावावर असेल आणि ते दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवण्याचा कोड मागितल्यावर मिळत नसेल, तर डोमेनांचे नियम ठरवणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या नियमाप्रमाणे रजिस्ट्रारने तो पाच दिवसांत द्यावा लागतो. नव्या नोंदणीनंतर साठ दिवस मात्र डोमेन साधारणपणे हलवता येत नाही.

फसल्याचं लक्षात आलं की आधी पुरावा गोळा करा: कोटेशन, बिलं, यूपीआयच्या नोंदी, सगळी पीडीएफ, व्हॉट्सॲपचं संभाषण एक्सपोर्ट करून, ‘स्पॉन्सर्ड’ शब्दासह स्क्रीनशॉट. ऑनलाइन पैसे उकळून पसार झालेल्यासाठी १९३० हा सायबर हेल्पलाइन क्रमांक, तोही तासाभरात लावलेला बरा. दिलेलं काम न करणाऱ्यासाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५. व्यवसायासाठी घेतलेली सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही असं कंपनी म्हणेल. पण २०१९ च्या कायद्यात, स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला अपवाद आहे, आणि नवरा-बायकोने चालवलेल्या सहा खोल्या त्यात बसतात असं ठामपणे मांडता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची, तक्रारीचं कारण घडलं त्या दिवसापासून.