बिडाचा तवा : आठ महिन्यांचा वापर आणि एक तडा

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर घावनांसाठी दहा इंची, लांब दांड्याचा बिडाचा तवा ऑनलाइन मागवला आणि आठ महिने जवळपास रोज वापरला. घावने सुटण्याबाबत काहीच तक्रार नाही. दोन आठवडे तेल चोळून तापवल्यावर तवा असा मुरला की जाळीदार घावन कालथा लावण्याआधीच कडा सोडू लागले. तक्रार आहे ती आठव्या महिन्यात दांड्याच्या सांध्यापाशी, काठावर पडलेल्या तड्याची.

हा तडा दिसण्याआधी ऐकू आला. कालथ्याचा टोला बसला की खणखणीत वाजणारा तवा एके सकाळी फुटक्या मडक्यासारखा बोदा वाजला, आणि पुसून उजेडात धरल्यावर केसाएवढी काळी रेघ दिसली. ‘पडला असणार’ असे म्हणून विक्रेत्याने तो बदलून देण्यास नकार दिला. तवा पडलेला नव्हता.

मात्र दोष सगळा विक्रेत्याचाही नाही. बिडात साधारण अडीच ते चार टक्के कार्बन असतो आणि तव्यांसाठी सहसा वापरतात त्या करड्या बिडात त्यातला बराचसा ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात राहतो. हे पापुद्रे म्हणजे ओतकामापासूनच धातूत बसलेल्या बारीक चिरा. दाबाखाली त्या मिटतात, ताणाखाली उघडू पाहतात, म्हणून बीड ताणापेक्षा दाब तीन-चार पट अधिक सोसते. घाईच्या वेळी मी तवा लहान बर्नरवर मोठ्या आचेने तापवत असे. अशा वेळी मधला भाग तापून प्रसरण पावू पाहतो, थंड काठ त्याला आवळून धरतो आणि त्या ओढाताणीत स्वतः ताणला जातो. त्यातच या तव्याचा दांडा काठाला जिथे मिळतो तिथला आतला कोपरा गोलाई न देता काटकोनात ओतलेला आहे, आणि अशा धारदार कोपऱ्यात ताण एकवटतो.

एकदा सुरू झालेली चीर स्वस्थ का बसत नाही, याचे उत्तर ब्रिटिश अभियंते ए. ए. ग्रिफिथ यांनी 1921 साली काचेवरच्या प्रयोगांतून दिले : चीर चौपट लांब झाली की ती पुढे सरकायला निम्माच ताण पुरतो. माझी 12 मिलिमीटरची रेघ तीन आठवड्यांत 30 मिलिमीटर झाली. टोकाला ड्रिलने बारीक भोक पाडून घेतले, कारण अणकुचीदार टोक बोथट झाले की तिथला ताण पसरतो. तडा खरोखरच थांबला; फक्त आता त्या भोकातून पीठ बर्नरवर ठिबकते, त्यामुळे या तव्यावर भाकरीच भाजतो.

पुढचा तवा घेताना सांध्याच्या कोपऱ्यावरून बोट फिरवून गोलाई तपासेन आणि टिचकी मारून आवाज ऐकेन. खरे तर आजीच्या चुलीवरचे दोन आखूड कानांचे, बिनदांड्याचे बिडेच शोधतो आहे.