फौजेतून घरी आलात, आता नाव कुठं घालायचं? स्पर्श, केएसबी, एडब्ल्यूपीओ, डीजीआर की नोकरी डॉट कॉम

आमच्या बेळगाव भागात माणूस फौजेतून रिटायर होऊन आला की पहिला महिना पूजा, पाहुणे आणि मटण यातच जातो, दुसऱ्या महिन्यात कोणतरी मोबाईलवर लिंका पाठवायला लागतंय, इथं नाव घाल, तिथं नाव घाल, आणि मग तो माणूस आमच्या दुकानात येऊन बसतो, "बघ की रे, यातलं खरं कुठलं?" मी स्वतः १७ वर्षं करून नायक म्हणून घरी आलो, आता हिंडलगा रोडला झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे, त्यामुळे हे सगळे पोर्टल माझ्या रोजच्या हाताखालचे. तेवढ्यावरच बोलतो.

पहिलं म्हणजे दोन ढीग वेगळे करा. स्पर्श (फौजेच्या पेन्शनचं सरकारी पोर्टल) आणि केएसबी (केंद्रीय सैनिक बोर्ड) हे हक्काच्या पैशाचे, बाकीचे नोकरीचे. लोक आधी नोकरीच्या मागं लागतात आणि पैशाचं राहून जातं.

स्पर्शला पर्याय असा काही नाहीच, पेन्शन तिथूनच येते, त्यामुळे तुलना कसली करायची, लॉगिन करून ठेवायचं. पण नोव्हेंबरात जी गर्दी होते ती बघण्यासारखी असते. परवा एक मामा आले, हयातीचा दाखला तीनदा भरला तरी पेंडिंग दाखवतंय म्हणून चिडलेले. बघितलं तर जीवन प्रमाणमध्ये, म्हणजे हयातीचा दाखला ऑनलाईन भरायच्या ॲपमध्ये, पेन्शन देणारी एजन्सी म्हणून त्यांच्या पोरानं बँकेचं नाव निवडलेलं. साहजिक आहे, पैसे बँकेत येतात ना! पण स्पर्शवाल्यांनी तिथं बँक नाही निवडायची, 'स्पर्श पीसीडीए पेन्शन्स अलाहाबाद' निवडायचं, आणि मंजुरी देणारं ऑफिस म्हणून 'डिफेन्स पीसीडीए पी अलाहाबाद'. शहराचं नाव प्रयागराज झालं तरी तिथल्या यादीत अलाहाबादच शोधा. चेहरा दाखवून मोबाईलवर घरबसल्या होतं, फक्त तेवढं एक क्लिक चुकवू नका.

केएसबी ही साईट मला सगळ्यात कामाची वाटते आणि सगळ्यात कमी लोक उघडतात. पोरांसाठी पंतप्रधान स्कॉलरशिप आहे, मुलीला महिन्याला ३००० आणि मुलाला २५००, बारावीला ६० टक्के पाहिजेत आणि प्रोफेशनल कोर्सच्या पहिल्याच वर्षी अर्ज करायचा. ते 'पहिल्याच' लक्षात ठेवा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला गेलेल्या पोरीला घेऊन येणारे बाप मी दरवर्षी बघतो आणि सांगताना मलाच कसंतरी होतं. शिवाय हवालदार आणि खालच्या रँकसाठी मदती आहेत, त्या १ नोव्हेंबर २०२५ पासून डबल झाल्या, म्हणजे दोन मुलांपर्यंत शिक्षणाला महिन्याला प्रत्येकी २०००, मुलीच्या लग्नाला १ लाख, आणि पेन्शन नसलेल्या ६५ च्या वरच्या म्हाताऱ्या जवानाला किंवा त्याच्या विधवेला महिन्याला ८०००. गावात असं एखादं घर असतंच, त्यांना सांगा. अर्ज ऑनलाईन असला तरी कागद जिल्हा सैनिक ऑफिसच तपासतं, म्हणजे तिथं तुमची नोंद पाहिजेच.

आता नोकरी. एडब्ल्यूपीओ म्हणजे आर्मी वेल्फेअर प्लेसमेंट ऑर्गनायझेशन, फक्त आर्मीवाल्यांसाठी, १९७९ पासून चालू आहे, कंपन्या तिथं येऊन माजी जवान मागतात. नेव्ही आणि एअरफोर्सची प्लेसमेंटची सोय वेगळी आहे. पुणे, बेंगळुरूला जायची तयारी असेल तर इथं नाव घालाच, सिक्युरिटी सुपरवायझर, ॲडमिन, ट्रान्सपोर्ट, स्टोअर असली कामं असतात. पण घरात राहून शेती बघत बेळगावातच नोकरी पाहिजे म्हणाल तर फार आशा धरू नका.

डीजीआर म्हणजे डायरेक्टोरेट जनरल ऑफ रीसेटलमेंट, तिन्ही दलांचं, संरक्षण मंत्रालयाचं, नाव मोठं. खरं सांगू का, जवानाच्या दृष्टीनं त्याची खरी मजा रिटायर व्हायच्या आधी आहे, शेवटच्या वर्षात रीसेटलमेंट कोर्स, म्हणजे बाहेरच्या नोकरी-धंद्याचं शिक्षण, मिळतात आणि जेसीओ (सुभेदार, नायब सुभेदार) आणि जवानांना फी भरावी लागत नाही, तर ऑफिसरला ४० टक्के स्वतः भरावे लागतात. घरी येऊन बसल्यावर मात्र त्यांच्या धंद्याच्या योजनांत मदर डेअरीचा बूथ वाचून आपण काय करणार, तो दिल्लीकडं, कोळसा वाहतूक खाणींकडं. तेव्हा अजून युनिटमध्ये असाल तर डीजीआर पहिला, घरी आला असाल तर शेवटी.

नोकरी डॉट कॉम आणि सरकारचं एनसीएस (नॅशनल करिअर सर्व्हिस) सगळ्यांसाठी उघडं, बायोडाटा नीट लिहिला तर फोन येतात. 'हवालदार क्लार्क' लिहून एचआरच्या पोरीला काय कळणार? किती माणसांचे पगार-रजा सांभाळल्या, कुठलं सॉफ्टवेअर वापरलं ते लिहा. ड्रायव्हर असाल तर आधी आरटीओतून सिव्हिल लायसन्स करून घ्या. आणि नोकरीसाठी आधी पैसे मागणारा कुणीही असला तरी फोन ठेवा, माझे ३५०० एका एजन्सीनं 'युनिफॉर्म डिपॉझिट' म्हणून खाल्लेत.

सरकारी नोकरीसाठी मात्र या सगळ्या साईटींपेक्षा जिल्हा सैनिक ऑफिसमधली नोंद भारी पडते, जवानांची नावं तिथूनच पाठवतात. केंद्राच्या ग्रुप सी मध्ये १० टक्के, बँका आणि सरकारी कंपन्यांत साडेचौदा टक्के जागा माजी सैनिकांना, आणि दहावी पास होऊन १५ वर्षं सर्व्हिस केलेल्याला ग्रुप सी साठी ग्रॅज्युएट धरतात, हे कितीतरी जणांना माहीतच नसतं. आपली अडचण वेगळीच, राज्याच्या भरतीला कन्नड लागतं. महाराष्ट्राच्या जाहिरातीत ८६५ सीमागावांतल्या मराठी माणसांसाठी एक ओळ असते, ती शोधून वाचा, गाव त्या यादीत असेल तर दाखला काढून ठेवा. सासरवाडी चंदगडला आहे म्हणून कोल्हापूरला नोंद करू म्हणणारे पण भेटतात, तसं करू नका, कायमचा पत्ता जिथला तिथलंच ऑफिस.

नोंदीला जायच्या आधी एक बघा, बायकोचं नाव डिस्चार्ज बुकात, पीपीओवर (पेन्शनच्या ऑर्डरवर) आणि आधारवर एकच आहे का. माझ्या बुकात 'सुनिता', आधारवर लग्नानंतरचं 'संगीता', त्या एका नावासाठी पार्ट टू ऑर्डर (फौजेच्या रेकॉर्डमधला बदल) करायला सहा महिने गेले. मराठा लाईट इन्फंट्रीवाल्यांचं रेकॉर्ड ऑफिस इथंच कॅम्पात आहे म्हणून चालत जाऊन विचारता तरी आलं, तोफखान्यावाल्याला नाशिकला पत्र लिहीत बसावं लागतं.