चिआंग माईतले ‘तीस वर्षांचे’ घर

निवृत्तीनंतर पेन्शनमध्ये परदेशात कोठे राहता येईल, याचा हिशेब मी आणि माझी पत्नी दोन वर्षे मांडत होतो. मलेशियाचा विचार आधी होता. पण २०२१ मध्ये तेथील दीर्घ वास्तव्याच्या योजनेला दरमहा ४०,००० रिंगिट उत्पन्नाची अट लागली आणि तो विषय मिटला. थायलंडचे गणित मात्र बसत होते, कारण पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने तेथील बँकेत ८ लाख बाट ठेवले की वर्षावर्षाने मुदतवाढ मिळते. फेब्रुवारी ते एप्रिल शेते आणि जंगले जाळल्याचा धूर घसा धरतो, एवढे सोडले तर उत्तरेकडचे चिआंग माई आम्हाला मानवले.

घर मिळवून देणारा दलाल मराठी होता, आणि तेथेच आम्ही निम्मे हरलो. परदेशी माणसाला थायलंडमध्ये जमीन विकत घेता येत नाही, पण जास्तीत जास्त तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने घर घेता येते, हे त्याने सांगितले, आणि ते अक्षरशः खरे आहे. सान साई भागातील एका बैठ्या घराचे तीस वर्षांचे भाडे त्याने एकरकमी १८ लाख बाट ठरवले. म्हणजे त्या वेळचे सुमारे चाळीस लाख रुपये. जमिनीच्या सनदेची, तेथे जिला ‘चानोट’ म्हणतात तिची, प्रत त्याने दाखवली. वर लाल गरुडाची मुद्रा होती. ती पाहून पत्नीने हात जोडले. ती प्रत फक्त पुढच्या बाजूची होती. भाडेपट्टा, गहाण, विक्री यांची नोंद चानोटच्या मागच्या बाजूवर होते, हे मला तीन वर्षांनी कळले.

नोंदणीचे विचारले तेव्हा तो म्हणाला, “काका, एक टक्का फी आणि वर मुद्रांक शुल्क, वीसेक हजार बाट जातील. या कराराला नोंदणी लागतच नाही.” पैसे मी रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार रीतसर पाठवले, पण मालकिणीच्या नव्हे तर त्याच्या कंपनीच्या खात्यावर. माझी उभी हयात हिशेबतपासणीत गेली, हे येथे लिहिताना लाज वाटते.

करार दोन भाषांत होता. मजकुरात तफावत आढळल्यास थाई प्रत ग्राह्य धरावी, हे कलम मी इंग्रजीत वाचले होते आणि वाचूनच सही केली होती.

जून २०२५ मध्ये घरमालकीण दारात आली आणि अत्यंत सौजन्याने, घर कधी रिकामे करता, असे विचारू लागली. मी करार पुढे केला. शेजारच्या शिक्षिकेने थाई प्रत वाचली आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, “साम पी.” बाजारात भाजी घेता घेता आकडे मला पाठ झाले होते : साम म्हणजे तीन, साम सिप म्हणजे तीस, पी म्हणजे वर्ष. ‘सिप’ त्या ओळीत नव्हतेच. मालकिणीला दरमहा १५,००० प्रमाणे तीन वर्षांचे ५ लाख ४० हजार बाट पोचले होते. उरलेले १२ लाख ६० हजार दलालाकडे राहिले. भूमी कार्यालयात गेलो तेव्हा तेथील कारकुनाने सांगितले की, तीन वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला नोंदणीची गरज नसते. दलाल त्या वाक्यापुरता खरे बोलला होता.

यानंतरची चूक सर्वस्वी माझी. “काका, तोडगा काढतो” या त्याच्या निरोपांवर मी अडीच महिने काढले. अशा फसवणुकीची फौजदारी तक्रार, गुन्हा आणि गुन्हेगार कळल्यापासून तीन महिन्यांच्या आत करावी लागते, हे वकिलाने सांगितले तेव्हा हाती जेमतेम दोन आठवडे होते. तक्रार दाखल झाली आहे. पैसे आलेले नाहीत. मालकिणीने आम्हाला दरमहाच्या भाड्याने तेथेच राहू दिले आहे, आणि ते भाडे आता मी तिच्याच खात्यावर भरतो.

गेल्या महिन्यात भाच्याने त्या दलालाची नवी जाहिरात पाठवली. ‘तीस वर्षे निश्चिंत’ या शब्दांखाली आमच्याच ओसरीचे छायाचित्र आहे, आणि त्यात पत्नीने लावलेल्या तुळशीची कुंडी स्पष्ट दिसते.