नांदूरमध्यमेश्वरला गाईड घ्यावा का? घ्यावाच

नाशिकहून नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात येणारे बरेच जण थेट मनोऱ्यावर चढतात, मोबाईलमध्ये लांबचे ठिपके टिपतात आणि अर्ध्या तासात परततात. तसं करू नका. खाणगाव थडीला गावातलीच पोरं गाईड म्हणून मिळतात. डिसेंबरात त्यातल्या एकाबरोबर आम्ही अख्खी सकाळ काढली. सोबत माझी नववीतली पुतणी होती. मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार, हे पाणी लहानपणापासून बघतोय. पण तिथं कोण कोणाच्या जिवावर जगतं, ते या पोराने उलगडून दाखवलं.

त्याने नावांची यादी वाचली नाही. म्हणाला, "काका, आधी पाणी किती खोल ते बघा, मग पाय आणि चोच बघा." काठच्या ओल्या चिखलात तुतवार टोचत होते. वीतभर पाण्यात लांब गुलाबी पायांचा शेकाट्या. त्याच्यापुढे चमचा, चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत चाललेला. खुल्या पाण्यात थापट्या बदकं. त्यांच्या चोचीच्या कडेला बारीक दाते असतात, त्यातून पाणी गाळून ती किडे आणि बिया खातात. चांदव्याला पाणवनस्पती पुरते. पंगत एकच, पण ताट ज्याचं त्याचं वेगळं, म्हणून एवढ्या गर्दीतही मारामारी कमी.

स्टँडवरच्या दुर्बिणीतून उघड्या चोचीचा करकोचा बघितला, तेवढ्यासाठी पुन्हा जाईन. चोचीचे वरचा-खालचा दोन्ही भाग मिटले तरी मधे फट राहते. त्याने गोगलगाय धरली, चोच पाण्यातच थोडा वेळ हलवली, मांस गिळलं आणि शंख तिथंच टाकला. गोगलगाय शेवाळ खाते, शेवाळ पाण्यातल्या खतावर वाढतं, आणि त्या खतात पक्ष्यांच्या विष्ठेचाही वाटा. पुतणीने ही साखळी तिथंच वहीत काढली.

बंधाऱ्याची गोष्टही त्यानेच नीट सांगितली. गोदावरी आणि कादवेच्या संगमापाशी ब्रिटिशांच्या काळात, १९११ च्या सुमारास तो बांधून झाला. मागे गाळ साचत गेला. पाणी साठवायला ते वाईट, पण त्यातूनच उथळ पाणी, बेटं आणि पाणगवत तयार झालं, आणि हजारो किलोमीटरवरून पक्षी यायला लागले. जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून हेच जाहीर झालं. शेतीसाठी कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटून पातळी उतरली की चिखल उघडा पडतो आणि चिखलपक्षी उतरतात.

हा पोरगा गोडगोड बोलत नाही, हे मला फार आवडलं. पानवेलीवरून (जलपर्णीवरून) विचारलं तर सरळ म्हणाला, वरून सांडपाणी येतं, त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर ती फोफावते, खाली उजेड पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि माशांचे हाल होतात. मग लगेच त्याच पानांवरून लांब बोटं पसरून चालणारा कमळपक्षी दाखवला. बागेतल्या फवारणीचं मी मुद्दाम विचारलं. पावसाने औषध ओहोळात उतरलं की आधी पाण्यातल्या किड्यांच्या अळ्या मरतात, त्यावर जगणारे मासे आणि पक्षी उपाशी राहतात, असं त्याने तोंडावर सांगितलं. ओहोळाच्या कडेला गवताचा पट्टा राखायचं मी ठरवलंय. तालुक्यातल्या प्रत्येक बागायतदाराने एकदा तरी हे ऐकायला जावं.

जाणाऱ्यांसाठी: उजाडताना पोचा, निफाडची थंडी कडक असते, स्वेटर हवाच. भडक कपडे नकोत. रविवार टाळा, दुर्बीण एक आणि माणसं फार, मुलांना नीट बघायला मिळत नाही. आमच्या शेजारी एका टोळीने स्पीकरवर गाणी लावली आणि बदकांचा थवाच्या थवा उठून पार पलीकडे गेला, फार वाईट वाटलं. फी आधीच विचारून घ्या. मी पाचपैकी पाच देतो. फेब्रुवारीत पाणी उतरलं की चिखलपक्षी बघायला त्याच पोराला घेऊन पुन्हा जाणार आहे.